सत्तरपैकी सत्तावन्न

"अकराच धरा हो. ती काही इथं राहत नाही."

आई हे मागच्या व्हरांड्यात पप्पांना म्हणाली. मी स्वयंपाकघरात कुकरपाशी उभी होते. तिसऱ्या शिट्टीला गॅस बंद कर, एवढंच काम मला सांगितलं होतं. आमच्या क्वार्टरमध्ये स्वयंपाकघर आणि व्हरांडा यांच्यामध्ये फक्त एक जाळीचं दार होतं, आणि आईला हळू बोलता येत नाही.

पत्र्यावर हात मारल्याचे आवाज आले. पप्पा पेट्या मोजत होते.

"तिची सोडून दहा होतात," ते म्हणाले.

"आणि धरून अकरा. ऐनवेळी धावपळ नको. तिला तिकडंच कुठंतरी कॉलेज बघू."

तिसरी शिट्टी झाली. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले. राग आला नव्हता. आई चुकीच्या गणितावरून बोलत होती आणि बरोबर गणित मला माहीत होतं, त्यामुळे उलट जरा निवांतच वाटलं. फक्त ते गणित घरात दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं.

ही गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. पप्पा हवाई दलात टेक्निशियन आहेत. तेव्हा आम्ही लखनौच्या उत्तरेला, बख्शी का तालाबच्या हवाई दलाच्या वसाहतीत राहत होतो. आमचं मूळ गाव सांगलीकडचं, पण माझ्या सगळ्या शाळा गावाबाहेर आणि इंग्रजी माध्यमातल्या. घरात आई-पप्पा मराठी बोलतात, मी मराठीत उत्तर देते, आणि नववीतली धाकटी बहीण हिंदीत.

एप्रिलमध्ये पप्पांच्या बदलीची ऑर्डर आली. जोरहाट, आसाम. आमच्याकडे ऑर्डर आली की सगळ्यात आधी माळ्यावरच्या काळ्या पेट्या खाली येतात. भांड्यांच्या, गाद्यांच्या, शिलाई मशीनची, पप्पांच्या गणवेशाची. आम्हा बहिणींची एकेक. दर बदलीला पप्पा जुनी अक्षरं काळ्या रंगाने बुजवतात आणि त्यावर पांढऱ्या रंगात नवीन ठिकाण लिहितात. सोबत त्यांचा हवाई दलातला नंबर, नाव, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात पेटीचा आकडा, एकूण आकड्यासकट. अकरातली पहिली, अकरातली दुसरी, असं. ट्रकमधून सामान उतरताना मग कुणाला काही विचारावं लागत नाही. नुसतं बघितलं की कळतं, सगळं आलं का एखादी मागे राहिली.

म्हणून एकूण आकडा आधी ठरावा लागतो. तो एकदा सगळ्या पेट्यांवर चढला की घर त्या आकड्याचं होतं.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, संख्याशास्त्र मुख्य विषय. ऑर्डर आली त्या संध्याकाळी मी पप्पांसमोर कॉलेजच्या हॉस्टेलचा अर्ज ठेवला. आईवडील शहराबाहेर जाणार असतील तर मुलीला खोली मिळायची, पण एका अटीवर. मुख्य विषयात त्या सेमिस्टरला ए ग्रेड हवी. पप्पांनी अर्ज दोनदा वाचला, सही केली आणि म्हणाले, "ए आली तर राहा. नाही आली तर आमच्याबरोबर यायचं. मग कुरकुर नाही."

"हो," मी म्हणाले.

आईने सही केलेल्या अर्जाकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "अगं, तू ऑटोवाल्याला थांब म्हणत नाहीस. तिथं मेसच्या भैयाला पोळी वाढ म्हणून कोण सांगणार?"

यात खोटं काही नव्हतं. कॉलेजहून येताना शेअर ऑटो मिळायचा आणि वसाहतीच्या गेटपाशी "भैया, रोक दीजिए" म्हणावं लागायचं. ते माझ्याच्याने व्हायचं नाही. दुसरं कुणी उतरेल तिथे मीही उतरायचे. कधी गेटपाशीच कुणीतरी उतरायचं, कधी थेट तालाबाच्या बाजारात. मग मी उन्हातून चालत मागे यायचे. एकदा आई बाजारात भाजी घेत होती आणि मी तिच्या समोरच ऑटोतून उतरले. तिने भाजीची पिशवी माझ्या हातात दिली आणि आम्ही दोघी चालत घरी आलो. पण तेव्हापासून तिने माझ्याबद्दल काहीतरी ठरवून टाकलं असावं.

मला लखनौ सोडायचं नव्हतं. कारण सांगायचं तर फार मोठं नाही. प्रत्येक शाळेत मी मधूनच गेले होते. वर्गात सगळ्या मुलींचे हात आधीच एकमेकींच्या डब्यात गेलेले असायचे आणि मी शेवटच्या बाकावर. हे कॉलेज मात्र पहिल्या दिवसापासून माझं होतं. तिथे सगळ्याच नवीन होत्या. वाचनालयात कडुनिंबाकडच्या खिडकीपाशी माझी जागा होती, आणि ती माझी जागा आहे हे दुसऱ्यांना माहीत होतं. आत्ता हे लिहितानाही तो कडुनिंब समोर आहे.

शिवाय कॉलेजात लोक माझ्याकडे यायचे. मी कुणाकडे गेले नसते, पण ते यायचे.

हे सुरू झालं माझ्या एका मैत्रिणीमुळे. ती चौकातली, म्हणजे लखनौच्या जुन्या बाजारपेठेतली. घरी चिकनकारीच्या कपड्यांचं दुकान आणि तोंड दिवसभर सुरू. पहिल्या वर्षी परीक्षेआधी ती वहीच्या मागे काहीतरी बेरजा करत रडवेली झाली होती. मी शेजारीच बसले होते. तिची बेरीज चुकत होती. सांगायला तोंड उघडेना, म्हणून मी तिचा हात ओढला आणि तळव्यावर पेनने आकडा लिहिला. एकतीस.

"ये क्या है?"

मी तिच्या वहीतल्या पेपरच्या नावावर बोट ठेवलं.

"इकतीस में निकल जाऊँगी? पक्का?"

मी मान हलवली. ती चाळीस मिळवून पास झाली आणि तिने ही गोष्ट सगळ्या वर्गाला सांगितली. त्यानंतर परीक्षा जवळ आली की कडुनिंबाच्या खिडकीपाशी मुली हात पुढे करून उभ्या राहायच्या, मेंदी काढून घ्यायला आल्यासारख्या. "मैडम कैलकुलेटर, मेरा बता दो यार." "मुझे बी प्लस चाहिए, बी भी चलेगा." "मेरी अम्मी को मत दिखाना." मी त्यांचे अंतर्गत गुण बघायचे, कशाला किती वजन आहे ते बघायचे, आणि तळव्यावर आकडा लिहायचे. एकीच्या हातावर मी सत्तरपैकी एकोणसत्तर लिहिलं तेव्हा ती म्हणाली, "इससे अच्छा तो तुम थप्पड़ मार देतीं." बाकीच्या हसल्या. मीही हसले.

गणितात अवघड काहीच नव्हतं. अवघड होतं ते जे हातात नाही ते न धरणं. "प्रैक्टिकल में तो दस दे ही देंगे," असं मुली म्हणायच्या आणि ते दहा धरून टाकायच्या. मी धरायचे नाही. हे मी पप्पांकडून उचललं. कार नवीन घेतली तेव्हा आई म्हणायची, टाकीत अजून थोडं असेल की, आणि पप्पा दरवेळी म्हणायचे, "काट्यावर दिसतं तेवढंच आहे. बाकीचं नाही, असं समजायचं." आकाशात जाणाऱ्या गोष्टींबरोबर काम करणाऱ्या माणसाची ही सवय आहे, असं मला तेव्हापासून वाटतं.

आमच्या मुख्य विषयाच्या पेपरला शंभर गुण होते. वर्गातल्या चाचण्यांना वीस, तोंडी परीक्षेला दहा, लेखीला सत्तर. ए ग्रेड पंचाहत्तरला. चाचण्यांत मला वीसपैकी सतरा होते.

मग तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या कॉलेजातून एक सर आले होते. शांत, वयस्कर, समोर पाण्याचा ग्लास. त्यांनी पहिला प्रश्न विचारला. मला उत्तर येत होतं. इतकं नीट येत होतं की ते डोक्यात पूर्णविरामासकट तयार होतं. तोंडातून काही बाहेर आलं नाही. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तोही येत होता. "बोलिए बेटा, हम खा थोड़े ही जाएँगे," ते म्हणाले, आणि आमच्या मॅडम जरा हसल्या, मला धीर यावा म्हणून. मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत राहिले. शेवटी "थैंक यू, सर" एवढं म्हटलं. मला दहापैकी एक गुण मिळाला. तो बहुतेक त्या थँक यूचा असावा.

दोन दिवसांनी हे गुण कॉलेजच्या साइटवर आले. साइटवर सगळं टक्क्यांत दिसायचं. तीन चौकटी शेजारीशेजारी. चाचणी पंच्याऐंशी, तोंडी दहा, लेखी रिकामी. माझा फोन बहिणीच्या हातात होता.

"दीदी, वाइवा में दस परसेंट?" ती ओरडली. "दस? मुँह में दही जमा के गई थीं क्या?"

पप्पा चहा पीत होते. त्यांनी फोन मागितला आणि तिन्ही चौकटी बघितल्या. "पंचाहत्तर लागतात ना?"

मी मान हलवली.

"मग तीनचे दोनशे पंचवीस," ते म्हणाले. "पंच्याऐंशी आणि दहा, पंच्याण्णव." ते थांबले. बहिणीने पुढची वजाबाकी आधी केली.

"एक सौ तीस! दीदी को सौ में से एक सौ तीस चाहिए!"

ती हसून लोळायला लागली. आई आतून बाहेर आली, काय झालं म्हणून. पप्पांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त माझ्यासमोरची बिस्किटांची बशी जरा जवळ सरकवली.

त्यांचं कुठे चुकलं ते मला तिथल्या तिथे दिसलं. त्यांच्या खात्यातल्या परीक्षेत तीन फेज असायच्या आणि तिन्ही सारख्या. एक गेली की सगळं गेलं. बहिणीच्या शाळेतही सगळे पेपर शंभरचे. त्या दोघांसाठी तीन चौकटी म्हणजे तीन सारखे भाग होते. पण तोंडी परीक्षेची चौकट दिसायला तेवढीच असली तरी ती शंभरातली फक्त दहा होती, आणि रिकामी चौकट सत्तर. सतरा आणि एक अठरा. पंचाहत्तरातून अठरा गेले, सत्तावन्न. सत्तरपैकी सत्तावन्न मिळाले की झालं. पुष्कळ होते. पण शंभरपैकी एकशे तीससारखे ते अशक्य नव्हते.

मी हे बोलले नाही. ओठांवर आलं होतं, पण तोवर बहीण उठून आईला नक्कल करून दाखवत होती आणि आई म्हणत होती, "असू दे गं, हसू नकोस तिला. नाही तर नाही." ते "नाही तर नाही" इतकं मायेने म्हटलेलं होतं की त्यावर आकडे काय मांडणार? त्यानंतर तीन-चार दिवसांनी मी कुकरपाशी उभी असताना ते अकराचं ऐकलं.

त्या दिवशी जेवण झाल्यावर मी पहिल्यांदा स्वतःच्या तळव्यावर लिहिलं. सत्तावन्न. भांडी घासताना आईने ते बघितलं.

"हे काय?"

"काही नाही."

"बसचा नंबर आहे का? लिहून घे कागदावर, पाण्याने जाईल."

ते पाण्याने जायचं आणि मी रोज पुन्हा लिहायचे.

मला अभ्यासाची भीती कधी वाटली नाही. पेपर म्हणजे अशी जागा जिथे कुणी "बोलिए बेटा" म्हणत नाही. मी मागचे पेपर काढले आणि कुठून किती येऊ शकतात ते बघितलं. वीस गुणांचे छोटे प्रश्न, सगळे सोडवायचे. पन्नास गुणांचे मोठे, आठपैकी पाच. छोट्यांत मी फार तर दोन गमावणार. मग मोठ्या पाचांत मिळून अकरा गमावायची मुभा. प्रत्येकी दोन, आणि वर एक. असं बघितलं की सत्तावन्न हा आकडा लहान होत जायचा. मे महिन्यात कूलरसमोर ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मी फक्त तेवढंच करत होते. घरात सगळीकडे वर्तमानपत्रात गुंडाळलेले कप, दोऱ्या, डांबराच्या गोळ्यांचा वास. आई मधूनच खरबुजाच्या फोडी आणून ठेवायची आणि म्हणायची, "एवढं कशाला जाळून घेतेस? पास झालीस तरी बास." ती मला त्या अटीतून सोडवू बघत होती.

पेपरच्या दिवशी चौकातल्या मैत्रिणीने गेटपाशी हात पुढे केला. मी तिच्या तळव्यावर आकडा लिहिला. तिने माझा हात उलटा करून बघितला.

"ओहो, सत्तावन! मैडम हॉस्टल में रहेंगी। मतलब रोज़ मेरे घर का खाना खाएँगी।" मग जरा थांबून, हळू आवाजात, "घर पे बता दिया?"

मी मान हलवली, नाही अशी.

"तुम ना, पागल हो," ती म्हणाली आणि मला आत ढकललं.

छोटे प्रश्न नीट गेले. मोठ्यांतले चार मी ठरवले होते तसेच आले. पाचव्यात उत्तर विचित्र यायला लागलं. थोडा वेळ मी नुसतीच त्याकडे बघत बसले. मग लक्षात आलं, तक्त्यातली शेजारची ओळ वाचली होती. खोडलं, पुन्हा केलं. शेवटची ओळ लिहून पेन खाली ठेवलं आणि घंटा व्हायच्या आत तपासलंसुद्धा. बाहेर येताना पाय हलके होते.

संध्याकाळी मी प्रश्नपत्रिका घेऊन बसले आणि प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलने गुण लिहिले. जिथे पायरी गाळली तिथे कापले. जिथे अक्षर वाईट तिथेही कापले. खोडाखोडीचेही कापले. दुसऱ्या मुलींना मी जेवढी सूट देते तेवढीही स्वतःला दिली नाही. काट्यावर दिसतं तेवढंच. छोट्यांचे अठरा, मोठ्यांचे एक्केचाळीस. एकोणसाठ. मी पुन्हा एकदा केलं, आणखी कडक होऊन, कुठे काही कापायला उरलंय का ते शोधत. एकोणसाठच.

निकाल यायला अवकाश होता. पण पेट्या थांबणार नव्हत्या. ट्रक ठरला होता, आणि त्या रविवारी सकाळी पप्पांनी रंगाचा डबा उघडला.

दर बदलीला हे काम मी आणि पप्पा मिळून करतो. आकड्यांचे साचे आईच्या गुडघ्याच्या जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून कापलेले आहेत. सगळी बदलीची घरं त्या साच्यांनी पाहिली आहेत. उजेडात धरला तर एकावर अजून हाडाची कड दिसते. मी साचा दोन्ही हातांनी पेटीवर घट्ट दाबून धरायचा आणि पप्पांनी स्पंजाने पांढरा रंग थापायचा. बोलायची गरज नसते, म्हणून मला ते काम आवडतं. लहानपणी माझ्या नखांत रंग राहायचा आणि नवीन शाळेत पहिल्या दिवशी मुली विचारायच्या, हे काय लागलंय.

व्हरांड्यात अकरा पेट्या ओळीने मांडल्या होत्या. माझी शेवटी, बाकीच्यांपेक्षा लहान. आई पायरीवर बसून आंबे चोखण्याआधी हाताने मऊ करत होती, बहीण फोनवर. पप्पांनी पहिल्या पेटीवर नाव घातलं, ठिकाण घातलं. जोरहाट. मग पेटीचा नंबर. एक. मग तिरकी रेघ. रंग ओला होता, चकाकत होता. मी साचा उचलला आणि त्यांनी एक्स-रेच्या गठ्ठ्यातून पुन्हा एकचा साचा काढून माझ्याकडे दिला. अकरातला पहिला एक.

मी तो रेघेच्या पुढे ठेवला. पप्पांनी स्पंज डब्यात बुडवला, काठावर निथळवला. हा आकडा पूर्ण पडला की आई उरलेल्या दहांवर तेच करायला सांगणार, आणि जेवायच्या आत माझी पेटी अकरातली अकरावी होणार. त्यानंतर निकाल काहीही आला तरी सगळ्या पेट्या पुन्हा काळ्या कराव्या लागणार. मला माहीत होतं, तसं कुणी करणार नाही. मीही करा म्हणणार नाही.

त्या सरांच्या समोर होतं तसंच वाटलं. उत्तर पूर्णविरामासकट तयार, आणि जीभ जागची हलत नाही. डोळ्यांसमोर ग्लास नव्हता, पांढरा रंग लागलेला पप्पांचा अंगठा होता.

"धर नीट," पप्पा म्हणाले.

दहासाठीही पहिला आकडा एकच लागणार होता, म्हणून तो मी पडू दिला. दाबून धरला. पप्पांनी रंग थापला, एक उमटला. त्यांनी तोच साचा पुढे सरकवायला हात पुढे केला. मी साचा दिला नाही. तो मी पाठीमागे धरला.

"दीदी, क्या कर रही हो?" बहिणीने फोनवरून डोकं वर काढलं. "पेंट सूख जाएगा!"

"काय झालं गं?" आई म्हणाली. तिच्या हातातला आंबा थांबला.

मी गठ्ठ्यातून शून्याचा साचा काढला, ओल्या एकच्या पुढे ठेवला, दोन्ही हातांनी दाबला आणि पप्पांकडे बघून म्हणाले, "अकरा नाही पप्पा, दहा. ते तीन भाग सारखे नाहीत, लेखी एकटं सत्तरचं आहे. मला सत्तावन्न हवे होते, एकोणसाठ आहेत, आणि ते मी काट्यावर दिसतात तेवढेच धरलेत. माझी पेटी इथेच राहणार आहे."